विश्लेषण : घराला कुलूप, मग मोडेम उघडा का? फायरवॉल नेमके काय करते?

वळवाच्या पावसात वीज कडाडली, की कोल्हापुरात घरोघरी आधी टीव्हीचा आणि मग वायफायच्या डब्याचा प्लग काढला जातो. पाऊस थांबला, डब्यावरचा दिवा हिरवा झाला आणि नेट आले, की त्या डब्याकडे पुन्हा कोणी पाहत नाही. राजारामपुरीतला फ्लॅट असो की शिवाजी पेठेतले जुने घर, हा डबा आता घराचा दुसरा दरवाजा झाला आहे. मुलांचा अभ्यास, पुण्याच्या कंपनीचे घरून चालणारे काम, दुकानातला सीसीटीव्ही, बँकेचे व्यवहार, सगळे याच दरवाजातून ये-जा करते. या दरवाजावर एक पहारेकरी असतो. त्याचे नाव फायरवॉल. बहुतेक घरांत तो आधीपासूनच कामावर असतो. अडचण एवढीच, की दरवाजाची किल्ली अनेकदा डब्याच्या खालीच चिकटवलेली राहते.

मोडेम, राउटर आणि ओएनटी यांत फरक काय?

बोलताना सगळ्यालाच मोडेम म्हटले जाते. पण कामे वेगळी आहेत. बाहेरून आलेल्या तारेवरचा संदेश संगणकाला समजेल अशा रूपात बदलणारा तो मोडेम. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर हे काम मोडेम करत असे. आता घरोघरी फायबर आल्यावर प्रकाशाच्या रूपात आलेला संदेश उलगडण्याचे काम ‘ओएनटी’ नावाचे यंत्र करते. राउटरचे काम पुढचे. आलेले एकच कनेक्शन तो मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरा यांच्यात वाटून देतो. केबलवाला किंवा कंपनी हल्ली जो डबा बसवते, त्यात ओएनटी, राउटर, वायफाय आणि फायरवॉल असे चारही एकत्र असतात. म्हणून एका डब्याची सेटिंग बिघडली, तर परिणाम सगळ्या घरावर होतो.

फायरवॉल काम कशी करते?

पन्हाळ्याच्या तीन दरवाजातून आत जाताना एकामागून एक दरवाजे ओलांडावे लागतात. आलेला माणूस ओळखीचा आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय पुढचा दरवाजा उघडायचा नाही, ही गडाची रीत. राउटरमधली फायरवॉल साधारण तेच करते. घरातल्या मोबाइलने एखाद्या संकेतस्थळाकडे मागणी केली, की फायरवॉल तिची नोंद ठेवते. त्या मागणीचे उत्तर आले, की नोंद जुळवून ते आत सोडते. आतून कोणी बोलावलेले नसताना बाहेरून आलेली हाक मात्र परस्पर टाकून देते.

याला दुसऱ्या एका व्यवस्थेची मदत होते. घराला इंटरनेटवर एकच पत्ता असतो आणि आतल्या प्रत्येक उपकरणाला राउटर १९२.१६८ ने सुरू होणारा खासगी पत्ता देतो. हे खासगी पत्ते बाहेर चालत नाहीत. सोसायटीच्या फाटकावर आलेल्या पोस्टमनला आतल्या फ्लॅटचे क्रमांक माहीत नसावेत, तसे हे आहे. या पत्ताबदलाला ‘नॅट’ म्हणतात. अनेक कंपन्या तर शेकडो ग्राहकांमध्ये मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात.

मात्र पत्त्याचा नवा प्रकार, म्हणजे आयपीव्ही ६, भारतात मोठ्या प्रमाणावर वापरात आला आहे. त्यात घरातल्या प्रत्येक उपकरणाला इंटरनेटवरचा स्वतंत्र पत्ता मिळू शकतो आणि ‘नॅट’चा आडपडदा राहत नाही. तेथे संरक्षण उरते ते फक्त फायरवॉलचे. त्यामुळे राउटरमध्ये आयपीव्ही ६ चालू असेल, तर त्याची फायरवॉलही चालू आहे ना, हे वेगळे पाहावे लागते.

पूर्वी ही गरज नव्हती का?

होती, आणि ती फटका बसल्यावरच कळली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. तेव्हा टेलिफोन फिरवून जोडणाऱ्या मोडेममधून संगणक थेट इंटरनेटवर जात असे. मध्ये राउटर नसे. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने याचाच फायदा घेतला. कोणतीही फाइल न उघडता, केवळ इंटरनेटला जोडलेले असल्याने विंडोज संगणक बाधित होत होते आणि आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत होते. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीच्या ‘सर्व्हिस पॅक २’मध्ये फायरवॉल मुळातच चालू ठेवायला सुरुवात केली. आज घरात दोन फायरवॉल असतात, एक राउटरमध्ये आणि एक संगणकात, त्यामागचा इतिहास हा आहे.

मोडेमचा मूळ पासवर्ड बदलला नाही, तर काय बिघडते?

राउटरला दोन पासवर्ड असतात आणि गोंधळ येथेच होतो. एक वायफायचा, तो पाहुण्यांना सांगितला जातो. दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. तो अनेकांना माहीतही नसतो. कारखान्यातून येताना हा दुसरा पासवर्ड अनेक मॉडेलमध्ये ‘ॲडमिन’सारखा अगदी साधा असतो आणि तो सगळ्या जगाला ठाऊक असतो.

जुलै २०१७ मध्ये याची झळ भारतातील ग्राहकांना बसली. बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमवर एका घातक प्रोग्रॅमने हल्ला केला. मूळ पासवर्ड न बदललेल्या मोडेममध्ये तो शिरला आणि देशाच्या काही भागांत ग्राहकांचे इंटरनेट बंद पडले. त्यानंतर मोडेमचा पासवर्ड बदलून घ्या, असे आवाहन कंपनीला ग्राहकांना करावे लागले.

त्याआधी, २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातील राउटर, कॅमेरे आणि कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. त्याची युक्ती अगदी साधी होती. कारखान्यातून येणारी सुमारे ६० नावे आणि पासवर्ड यांच्या जोड्यांची यादी त्याच्याकडे होती आणि तो एकेक लावून पाहत असे. अशा उपकरणांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी एका मोठ्या इंटरनेट सेवा कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. ज्यांच्या घरातले कॅमेरे या माऱ्यात वापरले गेले, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

ब्राझीलमधील प्रकार थेट पैशांशी संबंधित होता. तेथे २०११ मध्ये मोडेममधील त्रुटीचा फायदा घेऊन सुमारे ४५ लाख मोडेममधील ‘डीएनएस’ ही सेटिंग बदलण्यात आली. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी ही इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी. तीच बदलली, की ग्राहक बँकेचे नाव बरोबर टाइप करतो आणि पोहोचतो मात्र भामट्यांच्या बनावट पानावर.

शेजाऱ्याने वायफाय वापरले तर बिघडते कुठे?

याचे उत्तर महाराष्ट्राला २००८ मध्येच मिळाले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला. त्याचा माग काढत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये. तेथे राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाचे वायफाय पुरेसे सुरक्षित नव्हते आणि ते वापरून दुसऱ्याच कोणीतरी तो ईमेल पाठवला होता. चौकशीच्या फेऱ्यात सापडला तो ज्याच्या नावावर कनेक्शन होते तो. त्यानंतरच्या आठवड्यांत असेच ईमेल मुंबईतील एका महाविद्यालयाच्या आणि एका कंपनीच्या वायफायवरून गेले. पुढे २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या.

मुद्दा साधा आहे. बाहेरच्या जगाला घरातला मोबाइल वेगळा आणि शेजाऱ्याचा वेगळा असे दिसत नाही; दिसतो तो घराच्या कनेक्शनचा एकच पत्ता. फायरवॉलही येथे उपयोगी पडत नाही, कारण वायफायला जोडला गेलेला माणूस तिच्या लेखी घरातलाच असतो. वरच्या मजल्यावर भाडेकरू आणि खाली दुकान अशी रचना कोल्हापुरात नवी नाही. तेथे एकच पासवर्ड वर्षानुवर्षे सगळ्यांकडे फिरत असतो. भाडेकरू बदलला, की पासवर्डही बदलायला हवा.

सीसीटीव्हीसाठी ‘पोर्ट’ उघडणे धोक्याचे का?

गुजरीतील सराफ पेढी, हुपरीतील चांदीचा कारखाना किंवा उपनगरातील बंगला, कॅमेरे आता सगळीकडे आहेत. मालकाला ते मोबाइलवर पाहायचे असतात. त्यासाठी काही वेळा कॅमेरे बसवणारा राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करून देतो. म्हणजे फायरवॉलला सांगितले जाते, की या क्रमांकाच्या दारावर बाहेरून कोणीही आले, तरी त्याला थेट कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरकडे सोड. मालकासाठी उघडलेले हे दार साऱ्या इंटरनेटसाठी उघडे होते. अशी दारे शोधत फिरणारे प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतात. त्यात रेकॉर्डरचा मूळ पासवर्ड तसाच असेल, तर हातात काहीच उरत नाही. ‘डीएमझेड’ नावाची सेटिंग याहून घातक. तिच्यामुळे त्या उपकरणाची सगळीच दारे उघडी होतात.

कॅमेऱ्यांतील गळती किती दूर जाते, हे फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसले. राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील महिला रुग्णांच्या तपासणीचे सीसीटीव्ही चित्रीकरण इंटरनेटवर आले आणि टेलिग्रामवर विकले जात असल्याचे उघड झाले. पोलिसांनी सुरुवातीला अटक केलेल्या तिघांपैकी दोघे महाराष्ट्रातले, लातूर आणि सांगली जिल्ह्यांतले होते. सुरक्षेसाठी लावलेला कॅमेराच घरातली गोष्ट बाहेर नेऊ शकतो, हा त्यातला धडा. एप्रिल २०२५ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी केंद्र सरकारने सुरक्षा चाचणी बंधनकारक केली आहे. पण आधीच भिंतीवर लागलेल्या कॅमेऱ्यांची काळजी मालकालाच घ्यावी लागते.

दूरवरून कॅमेरा पाहायचाच असेल, तर पोर्ट न उघडता कंपनीचे ॲप वापरावे, रेकॉर्डरचा पासवर्ड बदलावा आणि ॲपमध्ये ओटीपीची दुहेरी पडताळणी असेल तर ती चालू करावी. कॅमेरा बसवणाऱ्याने स्वतःच्या मोबाइलवर ‘टेस्टिंगसाठी’ जोडलेले खाते काम झाल्यावर काढून टाकल्याची खात्री करावी.

घरात दोन राउटर असले, की नेट का अडखळते?

जाड भिंतींच्या घरात वायफाय मागच्या खोलीपर्यंत पोहोचत नाही. मग बाजारातून दुसरा राउटर आणून कंपनीच्या डब्याला जोडला जातो. आता दोन्ही यंत्रे पत्ते वाटतात, दोन्ही फायरवॉल चालवतात आणि पत्ताबदल दोनदा होतो. यात नेट साधारण चालते. पण एका वायफायवरच्या लॅपटॉपला दुसऱ्या वायफायवरचा प्रिंटर दिसत नाही, कार्यालयाचे व्हीपीएन तुटते किंवा ऑनलाइन गेम अडकतो. दोन्ही राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असाच असेल, तर गोंधळ आणखी वाढतो.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला सोपा मार्ग म्हणजे, दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकणे. मग तो फक्त वायफाय पसरवतो. पत्ते आणि फायरवॉल यांचे काम कंपनीच्या डब्याकडेच राहते. दुसरा मार्ग ‘ब्रिज मोड’चा. यात कंपनीचा डबा केवळ मोडेम म्हणून काम करतो आणि इंटरनेटचे लॉगिन नाव व पासवर्ड स्वतःच्या राउटरमध्ये भरावे लागतात. मात्र ब्रिज मोडमध्ये कंपनीच्या डब्याची फायरवॉल बाजूला होते. अशा वेळी मधला राउटर काढून संगणकाची वायर थेट डब्याला लावून जोडणी केली, तर तो संगणक १९९५ सालासारखा उघडा इंटरनेटवर जातो. त्याचे संरक्षण मग फक्त संगणकातल्या फायरवॉलवर असते.

प्रिंटर चालत नाही म्हणून फायरवॉल बंद करावी का?

नाही. ओळखीचा संगणकवाला कधी कधी हाच उपाय करतो आणि मग फायरवॉल कायमची बंद राहते. विंडोज प्रत्येक नेटवर्कला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ असा दर्जा देते. पब्लिक म्हणजे बसस्थानक किंवा हॉटेलसारखे अनोळखी ठिकाण. तेथे संगणक स्वतःला लपवतो आणि आजूबाजूच्या उपकरणांशी बोलत नाही. घरचे वायफाय चुकून पब्लिक राहिले असेल, तर प्रिंटर किंवा दुसऱ्या संगणकावरचे फोल्डर दिसत नाही. तेथे फक्त घरच्या नेटवर्कला प्रायव्हेट करायचे. फायरवॉलला हात लावायचा नाही. एखादा प्रोग्रॅम अडत असेल, तर तेवढ्याच प्रोग्रॅमला परवानगी देता येते.

एकाच संगणकात दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या फायरवॉल चालवणेही टाळावे. दोघी एकमेकींचा रस्ता अडवतात. विकत घेतलेल्या अँटिव्हायरससोबत फायरवॉल येते, तेव्हा विंडोजची स्वतःची फायरवॉल सहसा मागे सरकते. त्या अँटिव्हायरसची मुदत संपली, की विंडोजची फायरवॉल पुन्हा चालू झाली का, हे तपासावे.

घरी काय तपासावे?

रविवारी सकाळचा अर्धा तास पुरेसा आहे. डब्याच्या मागे किंवा खाली स्टिकर असतो. त्यावरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, मोबाइलच्या ब्राउजरमध्ये टाकला, की राउटरचे पान उघडते.

– सेटिंगचा मूळ पासवर्ड बदलावा. नवा पासवर्ड वहीत लिहून घरातच ठेवावा. डब्यावर चिकटवू नये.

– वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए २ किंवा डब्ल्यूपीए ३ असावी. बटण दाबून किंवा पिनने जोडणारी डब्ल्यूपीएस सोय बंद करावी.

– ‘रिमोट मॅनेजमेंट’, म्हणजे बाहेरून राउटरच्या पानात शिरण्याची सोय, चालू असेल तर बंद करावी. कंपनी देखभालीसाठी वापरते ती जोडणी वेगळी असते; तिच्याबद्दल कंपनीलाच विचारावे.

– पोर्ट फॉरवर्डिंग आणि डीएमझेडची पाने उघडून पाहावीत. कोणी, कधी, कशासाठी केले हे सांगता न येणारी नोंद काढून टाकावी.

– ‘यूपीएनपी’ या सोयीमुळे घरातली उपकरणे मालकाला न विचारता फायरवॉलमध्ये दार उघडून घेऊ शकतात. गरज नसेल तर ती बंद करावी.

– जोडलेल्या उपकरणांची यादी पाहावी. घरातले मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप मोजावेत. हिशेब जुळत नसेल, तर वायफायचा पासवर्ड बदलावा.

– कॅमेरे, स्मार्ट टीव्ही आणि पाहुणे यांना ‘गेस्ट नेटवर्क’ द्यावे. तेथून बँकेचे व्यवहार होणाऱ्या लॅपटॉपपर्यंत पोहोचता येत नाही.

– राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत आहे का, हे पाहावे. कंपनीने अपडेट देणे बंद केलेला जुना राउटर बदललेला बरा.

काही कंपन्यांच्या डब्यात ग्राहकाला यातल्या निम्म्याच सेटिंग दिसतात. उरलेल्या कंपनीकडून किंवा केबलवाल्याकडून समोर बसून करून घ्याव्यात.

रिस्टार्ट आणि रिसेट एकच का?

पावसाळ्यात ही चूक हमखास होते. वीज येते, पण नेट येत नाही. मग कोणीतरी टाचणी घेऊन डब्याच्या भोकातले बटण दाबून धरतो. ते रिसेट. त्याने राउटर कारखान्यातून आला होता तसा होतो. बदललेला पासवर्ड, बंद केलेल्या सोयी, गेस्ट नेटवर्क, सगळे पुसले जाते आणि मूळ पासवर्ड परत येतो. काही वेळा इंटरनेटचे लॉगिनही जाते आणि केबलवाल्याला बोलवावे लागते. नेट आले नाही, तर आधी फक्त वीज बंद करून मिनिटभराने पुन्हा चालू करावी. ते रिस्टार्ट. ‘मिराई’सारखे प्रोग्रॅम केवळ चालू यंत्राच्या स्मृतीत राहतात आणि रिस्टार्टने पुसले जातात, पण पासवर्ड तोच असेल, तर पुन्हा शिरतात. रिसेट करावेच लागले, तर वरची यादी पुन्हा पहिल्यापासून करावी.

फायरवॉलमुळे काय होत नाही?

पहारेकरी बाहेरून आलेल्याला अडवतो. आतल्याने स्वतःच दार उघडले, तर तो काही करू शकत नाही. व्हॉट्सॲपवर वाहतूक चलनाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली एपीके फाइल मोबाइलमध्ये घातली, फोनवरच्या ‘बँक अधिकाऱ्या’ला ओटीपी सांगितला किंवा त्याच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारे ॲप घेतले, तर फायरवॉलच्या दृष्टीने ते सगळे घरातल्या माणसाने केलेले असते. पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर फोन करावा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

रात्री झोपण्याआधी गॅसचा कॉक आणि दाराची कडी पाहण्याची सवय घरोघरी असते. मोडेमला रोज पाहण्याची गरज नाही. नवा डबा बसला, केबलवाला दुरुस्ती करून गेला, कॅमेरा लागला, भाडेकरू बदलला किंवा टाचणीने रिसेट झाले, एवढ्या पाच वेळी त्याचे पान उघडून पाहिले, तरी पहारेकऱ्याचे काम नीट चालते.